समोरून काढलेला एकही नाही

माझ्या मोबाइलमध्ये चौदा हजारांच्या वर फोटो आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत बघण्यासारखं काहीही नाही, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. लोक डोंगरासमोर, देवळासमोर उभे राहून फोटो काढतात, आमचे हे गटाराच्या झाकणासमोर उकिडवे बसतात, असं ती आल्यागेल्याला सांगते. सांगू दे. मी बोईसरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, राहतो पालघरला, आणि कित्येक वर्षं हे अंतर स्कूटरवरून कापतो आहे. या रस्त्यावर कुणी मुद्दाम बघायला यावं असं काही नाही. उमरोळीजवळ एका पंक्चरवाल्याचं घमेलं आहे, त्यातल्या काळ्या पाण्यात सकाळचं आभाळ पडलेलं असतं. बेटेगावच्या एका चाळीत एकाच दारासमोर अकरा जोड चपला असतात, सगळ्यांच्या टाचा एकाच बाजूने झिजलेल्या. कारखान्यांच्या रांगेत सायकलींच्या सीटवर बांधलेल्या पिशव्या, निळ्या पिंपात लावलेली तुळस, रंग उडालेल्या शटरवर मागच्या दुकानाचं नाव. अशा जागी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि त्यापायी शाळेत उशीर झाल्याबद्दल मी मुख्याध्यापकांची बोलणीही खाल्ली आहेत.

माझा एक नियम होता आणि मला त्याचा गर्व होता, हे आधीच कबूल करतो. चेहरा घ्यायचा नाही. चेहरा आला की बघणारा चेहऱ्यातच अडकतो, बाकीचं काही त्याला दिसत नाही, असं मी वर्गात मुलांनाही सांगत असे. माणूस न दाखवता माणूस दाखवा, हे माझं आवडतं वाक्य. ते मी इतक्यांदा म्हटलं आहे की पोरं माझ्या मागे माझी नक्कल करायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या सोसायटीने कुंपणाची भिंत पाडून नवी बांधायला काढली. मुकादमाने बोईसरच्या नाक्यावरून चार माणसं आणली. तिघं आपसांत हिंदी बोलणारे, चौथा मनोरच्या पुढच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. भात कापून झालं की तिकडची माणसं कामासाठी बाहेर पडतात, तसा तो आला होता. भिंतीलगत प्लास्टिकचा कागद बांधून चौघं राहायचे. माझी खिडकी नेमकी त्यांच्या डोक्यावर, त्यामुळे मला घरबसल्या पर्वणीच मिळाली. सिमेंटने पांढरे झालेले त्या चौथ्याचे पाय, तंबाखू मळणारा अंगठा, भाकरीवर ठेवलेली सुक्या जवळ्याची चटणी, आणि खिळ्याला अडकवलेला त्याचा निळा शर्ट. शाळेतून आलो की मी मोबाइल घेऊन खालीच असायचो. बाकीचे तिघं कंटाळून तोंड फिरवायचे, याला मात्र मजा वाटायची. मी दिसलो की तो कामाचा वेग वाढवायचा.

एका रविवारी सकाळी खाली गेलो, तर तो नळावर अंघोळ करून, केस पाण्याने चापून बसवून, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून नव्या भिंतीला पाठ देऊन उभा होता. हात मांड्यांना चिकटलेले. शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसा.

"गुरजी, आता काडा," तो म्हणाला.

मला हसू आलं. "असा ताठ नको रे उभा राहू. तू आपलं काम कर. माझ्याकडे बघूच नकोस."

तोही हसला, ओशाळून. मग त्याने थापी उचलली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी उजेड फार चांगला होता, म्हणून मी त्याच्या पाठीचे एकोणीस फोटो काढले.

संक्रांतीच्या सुमारास भिंत पुरी झाली आणि माणसं दुसऱ्या कामावर गेली. मी निरोपबिरोप काही घेतला नाही, कारण मी शाळेत होतो. पुढे आम्ही काही हौशी मंडळींनी पालघरला एका सभागृहात फोटोंचं छोटं प्रदर्शन भरवलं, त्यात त्याच्या शर्टाचा फोटो मोठा करून लावला. खिळा, शर्ट आणि खिशाची एका बाजूने उसवलेली शिवण. एक गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "वा! माणूस नाही, आणि तरी माणूस आहे." मी आठवडाभर तरंगत होतो.

होळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर तिशीची एक बाई, हिरवी साडी नेसलेली, आणि तिच्या पदराला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी.

"तुमीच का ते फोटूवाले गुरजी?" तिने विचारलं. "पोरीचा बापूस तुमच्या भिंतीवर कामाला होता. त्यो होलीला आला नाय."

होळीला आला नाही, याचा अर्थ मला कळायला हवा तेवढी वर्षं मी इथे काढली आहेत. तिकडच्या पाड्यांवरचा माणूस कुठेही कामाला असो, वीटभट्टीवर असो की गुजरातेत, होळीला तो घरी येतो. फोन लागत नसला तरी घरची माणसं फार घाबरत नाहीत, होळीला येईल म्हणतात. तिनेही तेच म्हटलं होतं. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत त्याचा फोन बंद झाला, ती होळीपर्यंत थांबली. होळी पेटली, सगळ्यांची माणसं आली, हिचा आला नाही. दुसऱ्या कामावरचा मुकादम एवढंच सांगत होता की कुणाबरोबर तरी वापीकडे जातो म्हणाला आणि गेला.

"पोलीस बोलले, फोटू आना. घरात एक पन नाय. मंग माज्या ध्यानात आला, त्यो घरी बोललेला, गुरजी रोज माजा फोटू काडतात. शंभर तरी काडले, बोलला."

मी काय केलं ते सांगताना आजही लाज वाटते. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझे फोटो कुणाच्या तरी कामाला येणार होते. "आहेत ना! भरपूर आहेत. बसा, बसा," मी म्हणालो आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

ती जमिनीवर बसली, मी शेजारी खुर्चीवर, मोबाइल दोघांच्या मध्ये. पहिला फोटो उघडला आणि ती लगेच पुढे झुकली.

"ह्यो त्याचाच पाय. ह्या बोटाला कोयता लागलेला."

तिने बोट लावलं तसा फोटो सरकला आणि पाण्याचं डबकं आलं. मी पुन्हा मागे आलो. मग हात आले, त्यांतली नखंसुद्धा तिने ओळखली. शर्ट आला. पाठ आली, एकोणीस वेळा आली, आणि प्रत्येक वेळी तिने मान डोलावली. मुलगीही उठून आईच्या खांद्यावरून बघत होती.

"आता तोंडाचा दाखवा," ती म्हणाली.

"दाखवतो," मी म्हणालो आणि सरकवत राहिलो. थापी, घमेलं, ओल्या सिमेंटमधला पावलाचा ठसा, दोरीवरचा टॉवेल, पाठ. मला अजून वाटत होतं की एखादा असेलच. शंभरांत एक नाही? बायको चहा घेऊन आली आणि दाराशीच थांबली. तिला माझ्या आधी कळलं.

एक सापडला. त्याने मान वळवली होती, कान दिसत होता आणि गालाचा कडेचा भाग, तोही हललेला. मोठा केला तर नुसते चौकोन झाले. समोरून काढलेला एकही नव्हता. एक माणूस स्वतः होऊन माझ्यासमोर उभा राहिला होता, आणि मीच त्याला तोंड फिरवायला लावलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

मी त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथले हवालदार माझ्याच वयाचे होते, मुलीला त्यांनी पंख्याखाली बसवलं. तक्रार लिहिताना त्यांनी माणसाचं नाव विचारलं. बाई मुलीकडे बघायला लागली, कारण नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? मुलीने बापाचं नाव सांगितलं. दोन महिने तो माणूस माझ्या खिडकीखाली होता आणि त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"आधार कार्ड?"

कार्ड त्याच्याजवळच होतं. घरी झेरॉक्स होती, ती तिने पदराच्या गाठीतून काढली. चेहऱ्याच्या जागी काळा चौकोन. नंबर मात्र दिसत होता, म्हणून मी उत्साहाने म्हणालो की नंबरावरून कार्ड डाउनलोड करता येतं. तिथेच बसून केलं. ओटीपी पाठवला आहे, असं पडद्यावर आलं. तो ज्या फोनवर गेला तो फोन हरवलेल्या माणसाच्या खिशात होता, बंद. दहा मिनिटांत मुदत संपली. मी आणखी दोनदा पाठवला, उगीचच.

"लग्नाचा फोटो तरी असेल?"

"लगीन लावायचा हाय अजून," ती सहज म्हणाली. तिकडे जोडपी आधी संसार थाटतात, लग्न पुढे जमेल तेव्हा, कधी मुलांच्या मांडवातसुद्धा लागतं. त्यात कुणाला काही वाटत नाही. हवालदारांनाही ते माहीत होतं, त्यांनी मान हलवली आणि माझा मोबाइल मागितला. बराच वेळ ते फोटो बघत होते.

"फोटो भारी आहेत हो, सर," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच आवडले होते. "पण पायावरून माणूस कसा शोधायचा?"

मग त्यांनी वर्णन लिहिलं. बांधा सडपातळ, रंग सावळा, मिशी बारीक, अंगात निळा शर्ट. या वर्णनाची माणसं सकाळी बोईसरच्या नाक्यावर रांगेने उभी असतात. लिहून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "सर, तुम्ही चित्रकलेचे ना? मग चित्रच काढून द्या की."

मला एवढं हायसं वाटलं की त्या दोघींना घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मीच स्वतःला म्हणालो. टेबल साफ केलं, मोठा कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं, चेहऱ्याची अंडाकृती आखली आणि तिथेच थांबलो.

मला त्याचा चेहरा आठवेना. त्याच्या शर्टाच्या खिशाची उसवलेली शिवण मी डोळे मिटून काढली असती, कितवा टाका सुटला आहे तेही सांगितलं असतं. पाऊल काढलं असतं. पण नाक कसं होतं? भुवया? तीस वर्षं मी मुलांना निरीक्षण शिकवतो आहे. शिंच्या, काय निरीक्षण केलंस, असं मला स्वतःच्या थोबाडात मारून घेऊन विचारावंसं वाटत होतं.

"तुम्ही सांगा, मी काढतो," मी तिला म्हणालो. "नाक कसं आहे?"

"नाक सादा हाय."

"डोळे?"

"डोले पन सादे." तिने खूप विचार केला. "तोंड कसा म्हनजे... त्याच्यासारका."

तिचा काय दोष? माझ्या बायकोचं नाक कसं आहे ते मला तरी शब्दांत सांगता येईल का? तास गेला. मग तीच म्हणाली, "पोरगी बापावर गेलीय, सगले बोलतात. तिला बगून काडा."

मुलीला स्टुलावर बसवलं. एवढी स्थिर बसलेली मुलगी मी वर्गात कधी पाहिली नाही. तिला कुणीतरी सांगितलं असावं की तू हललीस तर बा सापडणार नाही, किंवा तिचं तिलाच तसं वाटलं असावं. मी तिचा चेहरा काढला, जबडा रुंद केला, गाल ओढले, मिशी घातली, डोळ्यांखाली वय घातलं. आई मधूनमधून सांगत होती, कपाल ल्हान करा, गाल बसलेले हायत. चार कागद फाडले. पाचवा तिने हातात धरला, लांब धरला, जवळ आणला.

"हां, असाच," ती म्हणाली.

त्या होकारात खात्री किती होती आणि मनोरची शेवटची एसटी चुकेल ही घाई किती, ते मी विचारलं नाही. मलाही तो दिवस संपायला हवा होता.

पुढचे काही दिवस मी माणसात नव्हतो. चित्राच्या प्रती काढल्या, खाली माझा नंबर टाकला. पालघर, उमरोळी, बोईसरला स्टेशनाबाहेर, नाक्यावर, चहाच्या टपऱ्यांवर, कारखान्यांच्या फाटकांशी चिकटवल्या. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मोबाइलवरून कुठे कुठे पाठवल्या. हवालदारांनीही त्यांच्याकडून पाठवल्या. आणि फोन यायला लागले.

पहिला वापीचा. आम्ही गेलो. तिने तीच हिरवी साडी नेसली होती, आणि हातातल्या पिशवीत त्याचे धुतलेले कपडे होते. कुठल्याशा गोदामाबाहेर एक माणूस पोती उतरवत होता. लांबून बघूनच तिने सांगितलं, "नाय." माणूस भला, त्याने आमच्या हातातलं चित्र बघितलं, स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "शकल तो मेरी ही है, बहन, लेकिन मैं वो नहीं हूँ." आम्हाला त्याने चहा पाजला.

मग भिवंडी. मग वसईजवळचं एक बांधकाम. मग पुन्हा वापी. प्रत्येक ठिकाणी माणूस चित्रासारखाच निघायचा. फोन करणारे खोटं बोलत नव्हते. माझं चित्रच तसं होतं, कष्ट करून वाळलेल्या कुठल्याही माणसाला ते लागू पडत होतं. प्रत्येक वेळी ती "नाय" म्हणायची आणि पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची. परतताना ती माझ्यावर कधी चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी मात्र चिडायचो, एसटीवर, उन्हावर, फोन करणाऱ्यांवर, आणि घरी येऊन बायकोवर. चौदा हजार फोटोंपैकी एकही उघडून बघायची मला इच्छा होत नव्हती. बेटेगावची ती चाळ आली की मी स्कूटरचा वेग वाढवायचो.

गेल्या महिन्यात दातिवऱ्याहून फोन आला. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारा एक माणूस आहे, फारसा बोलत नाही, हुबेहूब चित्रातला आहे, असं मासळी घ्यायला गेलेल्या एकाने कळवलं. एवढं जवळ, आपल्याच तालुक्यात! मला आशा वाटली. तिलाही वाटली असणार, कारण या खेपेला तिने मुलीलाही आणलं.

बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत तो बसला होता. त्याने मान वर केली. तेच लहान कपाळ, तेच बसलेले गाल, मी काढलेलीच मिशी. "सापडला!" मी ओरडलो.

ती पुढे गेली, त्याच्यासमोर उभी राहिली. बघत राहिली. मी तिच्या "नाय"ची वाट बघत होतो, एरवी तो नकार लांबूनच यायचा. या वेळी आला नाही. "हां"ही आला नाही. ती नुसती बघत होती, आणि तो गोंधळून सुई हातात धरून बसला होता. मुलगी आईच्या मागे सरकली. शेवटी घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली.

"कोन पायजे तुमाला? त्यो आमच्या होडीवर हाय, चार वर्सं झाली."

चार वर्षं म्हणजे प्रश्नच मिटला. मी त्यांची माफी मागितली.

एसटीच्या थांब्यावर आम्ही तिघं बाकावर बसलो. मुलगी पाणी पीत होती. मी म्हणालो, "होतो असा भास. मलाही तोच वाटला."

"गुरजी, माला कललाच नाय," ती म्हणाली. "म्हातारी आली नसती तं मी त्याला घरी नेला असता." मग माझ्याकडे न बघता, "आदी डोले मिटले का त्यो दिसायचा. आता तुमचा कागद दिसतो."

पहिल्यांदा मी त्याचा चेहरा घेतला नाही, आणि आता तिच्याजवळ होता तोही माझ्यामुळे गेला होता. "काढून टाकतो मी सगळे," मी म्हणालो. "उद्याच काढतो. स्टेशनवरचे, नाक्यावरचे, सगळे."

तिने मान हलवली.

"नको, गुरजी. राऊ द्या. आता तेवडाच हाय त्यो."